जाळीवरचा राजवाडा

केसरबाईला पडता येत नव्हतं, मला येत होतं. गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण एवढ्यावर थांबले तर ते पुन्हा विंगेत पळून जाणं होईल, म्हणून सगळं सांगते.

मी मालनबाई. वय शहात्तर. बत्तीस वर्षं नाटकात काढली. नायिकेची कामं थोडीच मिळाली. वाट्याला आल्या त्या बहिणी, सवती, राण्या आणि अभागी आया. पण माझी मूर्च्छा प्रसिद्ध होती. गंगापूरच्या जत्रेत, छावणीच्या मैदानात, साखर कारखान्यांच्या आवारात, मी बेशुद्ध पडले नाही अशी जागा या भागात सापडायची नाही. बायका घरी जाताना म्हणायच्या, "पडावं तर मालननं." आमच्या मास्तरांनी शिकवलेलं होतं: आधी गुडघे, मग कंबर, मग खांदा, डोकं सगळ्यात शेवटी. आणि हात कधी अंगाखाली जाऊ द्यायचा नाही. हात मोकळा, प्रेक्षकांकडे, तळवा वर. अंगाखाली गेला तर मोडतो, आणि मोडला तर उद्याचा प्रयोग बुडतो.

नाटक सुटलं तेव्हा गारखेड्यात हे घर बांधलं. खाली मी, वर दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. पाच वर्षांपूर्वी त्या खोल्या बघायला केसरबाई आली. एक पत्र्याची पेटी, एक पोळपाट, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर. गंगापूरकडच्या खेड्यातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुलेखा तेव्हा कॉलेजात. मी आडनाव विचारलं नाही. न विचारल्याचं मला इतकं कौतुक वाटलं की पुढं कितीतरी दिवस मी ते गल्लीत सांगत फिरले. एकदा केसरबाईच्या कानावर गेलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मावशी, नाय विचारलं ते बरं केलं. पण नाय विचारलं म्हणून किती दिवस सांगताल?"

तशी ती बोलायला तिखट आणि हसायला मोकळी. उस्मानपुऱ्यातल्या एका मेसवर पोळ्या लाटायची. दिवसाला चारशे, परीक्षेच्या दिवसांत पाचशे. "माझ्या हातानं जेवढे इंजिनिअर झाले," ती म्हणायची, "तेवढे कॉलेजनं पण नसतील केले." लाटण्याला ती रागवायची, तव्याला समजावायची. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून गल्लीतल्या प्रत्येक घरी खिरीची वाटी पोचवायची आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या वाट्या परत गोळा करताना दारादारात थांबून, कोणाच्या घरी आंबट चेहरा झाला त्याची नक्कल मला करून दाखवायची. नक्कल चांगली करायची. मी म्हणायचे, "केसर, तू कंपनीत असतीस तर माझी सुट्टी होती."

"नगं मावशी. मला पडता नाय येत," ती म्हणायची.

हे आमचं ठरलेलं वाक्य होतं. मला ते आता आठवतं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या माराव्या लागतात.

वरच्या न्हाणीघरात गॅस गिझर मी तिच्या येण्याच्या आधीच बसवला होता. न्हाणीचं दार निजायच्या खोलीत उघडतं. एका भिंतीला गिझर, आणि वर, बाहेरच्या भिंतीला, हातभर लांबीची सिमेंटची जाळी. बसवणारा कचरू, आमच्याच गल्लीतला नळवाला. तो तेव्हाच म्हणाला होता, "बाई, हे आत नको. गॅलरीत लावू, पाईप आत देतो."

"गॅलरी दर्शनी आहे," मी म्हणाले. "तिथं ती पांढरी पेटी लटकवून घराची शोभा घालवू?"

"शोभेचं तुम्ही बघा. पण मंग ही जाळी कधी बुजवू नका. हवा बाहेर जायला तेवढी एकच वाट हाय."

मी मान हलवली. स्टेजवर समोरचा काय बोलतोय ते न ऐकता मान हलवायची सवय असते. आपलं पुढचं वाक्य आठवत असतो आपण.

गेल्या डिसेंबरात थंडी बरी पडली. केसरबाई पहाटे पाचला आंघोळ करून कामावर जायची. एक दिवस म्हणाली, "मावशी, जाळीतून वारं असं येतंय, जसं कोणी पाठीवर सुरी ठेवली. वर ते पारवे. डोक्यावर साबण, साबणावर पारव्याचं."

मला दया आली. दया आली की मला काहीतरी मोठं करावंसं वाटतं. साधं करता येत नाही. मी माझी पेटी उघडली. तळाशी कंपनीचा शेवटचा पडदा होता, मोडल्या कंपनीतून मला मिळालेली एकुलती एक वस्तू. राजवाडा रंगवलेला: गुलाबी खांब, दोन मोर, मागं कारंजं. जाड कॅनव्हास. मी कात्री घेतली आणि डाव्या मोरासकट एक तुकडा कापला. डोळ्यांत पाणी होतं, खरं सांगते. आणि ते पाणी केसरबाईनं बघावं अशीही इच्छा होती.

ती स्टुलावर चढली, मी खालून पट्ट्या आणि खिळे दिले. चारही बाजूंनी गच्च ठोकून जाळी बंद झाली. वारा थांबला. केसरबाई कमरेवर हात ठेवून मोराकडं बघत म्हणाली, "आता माझी आंघोळ राजवाड्यात व्हणार! मावशी, दासी कुठंय?"

आम्ही दोघी हसलो. कचरूचं बोलणं मला आठवलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. खिळा देताना आठवलं होतं. वाटलं, एवढ्याशा जाळीनं काय होतंय.

जानेवारी लागला आणि केसरबाई डोकं धरू लागली. आधी म्हणाली, पित्त असंल. मग एका सकाळी जिन्यावर बसलेली दिसली, तोंड पांढरं. "घरात डोकं जड पडायलंय, मावशी. मळमळतंय. मेसवर गेलं की उतरतं. रविवारी घरी राहिलं की दिवसभर."

"कामावर गेलं की उतरतं?" मी विचारलं.

"व्हय. तासाभरात."

"बरं दुखणं आहे. वेळेवर येतं, वेळेवर जातं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला त्या गिझराचं वाटतं. त्याची ज्योत आधी निळी होती, आता पिवळी दिसायलीय. कचरूभाऊला सांगून बाहेर नेऊ का?"

झालं. आता मला सगळं नाटक उमगलं, असं मला वाटलं. गॅलरीत पेटी लावायची, म्हणून हे डोकं, म्हणून ही मळमळ. बत्तीस वर्षं मी खोटी दुखणी केली होती. खरं दुखणं ओळखायची माझी नजर केव्हाच गेली होती, पण मला वाटायचं की माझ्याइतकी नजर कोणाची नाही. मी म्हणाले, "बघू उन्हाळ्यात."

दोन दिवसांनी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून खाली बसली. डोळे मिटलेले. मी पाण्याचा तांब्या दिला. तिनं घोट घेतला, पाच मिनिटांत उठली, कामाला गेली. मी मनात गुण दिले: दहापैकी तीन.

संक्रांत झाली. माझ्याकडं दरवर्षी बायकांचा तिळगूळ असतो. मी कुंकू लावत नाही, म्हणून हळदीकुंकू नव्हे, नुसता तिळगूळ. सवाष्ण, विधवा, कोणीही यावं. त्याचंही मला कौतुक. अंगणात सतरंजी, पंधरा-वीस बायका, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. केसरबाई वाट्या फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली, खांबाला टेकली.

शेजारच्या द्वारकाबाईनं विचारलं, "काय गं, बरं नाय का?"

आणि मी, माझ्याच अंगणात, प्रेक्षक मिळाल्यावर, उभी राहिले. "तिला मूर्च्छा येते हल्ली," मी म्हणाले. "पण बाई गं, मूर्च्छा अशी येत नसते. ही बघ." आणि शहात्तराव्या वर्षी सतरंजीवर पडून दाखवलं. गुडघे, कंबर, खांदा, डोकं. हात मोकळा, तळवा वर. काय हशा झाला! मग उठून केसरबाईची केली: डोकं धरून, डोळे फिरवून, "मावशी, गिझर बाहेर लावा!" पुन्हा हशा. द्वारकाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

केसरबाईही हसली. हातातल्या वाट्या सगळ्यांना पुरवल्या, डबे वाटायला मदत केली, आणि वर गेली. त्यानंतर डोकेदुखीचा शब्द तिनं माझ्यासमोर काढला नाही. मला वाटलं, औषध लागू पडलं.

त्याच्या पुढच्या रविवारी सुलेखा आली. ती आता गंगापूरला एका बालवाडीत शिकवते. रविवारी जीपनं येते. सकाळचे नऊ वाजले असतील. मी खाली देवापुढं फुलं ठेवत होते, तेव्हा जिन्यावरून पाणी उतरताना दिसलं. पायरीपायरीनं, साबणाच्या फेसासकट. म्हटलं, बादली विसरल्या मायलेकी. हाका मारल्या. मग गुडघ्यांना शिव्या देत वर निघाले.

वरचं दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्यावर केसरबाई पडलेली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

मी तीन पायऱ्या खाली थांबले.

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे. मी धावले नाही. मी बघत उभी राहिले. मला वाटलं, हिनं मला अंगणाचं उत्तर द्यायचं ठरवलंय. आणि मी म्हणाले, मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "वा! आता जमली. ऊठ."

ती उठली नाही. मी आणखी थांबले. आमच्यात मूर्च्छा किती वेळ टिकवायची याचं माप असतं. पाच-सहा श्वास, मग कोणीतरी पाणी शिंपडतं. मी श्वास मोजले. माझे, तिचे नव्हे. सहा झाले, सात झाले. तेव्हा तिचा हात दिसला. उजवा हात अंगाखाली गेला होता, मनगटाशी उलटा वळून. पडण्याचं सोंग करणारं माणूस कधी स्वतःच्या हातावर पडत नाही.

मग मात्र ओरडले. शेवटच्या रांगेला ऐकू जायचा तो आवाज अजून शाबूत आहे, देवाची कृपा. कचरू गंजीफ्रॉकवर धावत आला. त्यानं केसरबाईला ओढून जिन्याच्या मोकळ्या जागेत घेतलं, नाकावर उपरणं धरून आत शिरला आणि सुलेखाला खांद्यावर टाकून बाहेर आला. ती पलंगावर ओले केस सोडून झोपल्यासारखी पडली होती. गाल लालबुंद. तो पुन्हा आत गेला, गिझर बंद केला, आणि मला आतून त्याची हाक ऐकू आली, "बाई, जाळीवर हे काय ठोकलंय?"

कॅनव्हास फाटेना. चांगलं कापड होतं. शेवटी त्यानं पाना घालून पट्ट्याच उपटल्या, आणि मोर बादलीत पडला.

दोघींनी एकामागून एक केस धुतले होते, मग केसरबाई ऊन पाण्यात कपडे घेऊन बसली. गिझर पाऊण तास चालू. थंडीमुळं खोलीचं दार, खिडकी लावलेली. कोंडलेल्या हवेत गॅस नीट जळत नाही, आणि त्याचा जो विषारी वायू होतो त्याला वास नसतो, धूर दिसत नाही. माणसाला नुसती झोप येते. लेक उठेना तेव्हा केसरबाई तशीच भिंत धरत दारापर्यंत गेली आणि कडी काढली. ती कडी निघाली नसती तर मी वर येऊन बंद दारापुढं बादलीवरून कुरकुरत राहिले असते.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. सुलेखा तासाभरात बोलली. केसरबाईला दुपार झाली. मनगट मोडलं होतं. ज्या हातावर चारशे पोळ्या.

तरुण डॉक्टरीण आली. तिनं विचारलं, "हवा जायला जागा नव्हती का? जाळी बुजवली कोणी?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण केसरबाई आधी बोलली. "थंडी वाजत होती, मीच ठोकली."

डॉक्टरीण रागावली. मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "शिकलेली मुलगी आहे घरात, एवढं कळत नाही?" केसरबाईनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मी शेजारच्या स्टुलावर, हातात तिच्या बांगड्यांची पुरचुंडी धरून, गप्प. माझं वाक्य दुसऱ्यानं म्हटलं होतं आणि मी सुटले होते.

डॉक्टरीण गेल्यावर मी हात जोडले. "केसर, मला माफ कर—"

"हात नका जोडू, मावशी." तिचा आवाज बारीक होता. "तुमचे हात लई छान जुळतात. मला खरं-खोटं कळंना."

सुलेखानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"खोटं कामून बोललीस डॉक्टरला?" मी विचारलं.

"बोलून काय? तुमच्या वयाला पोलीस दारात आणू?" तिनं चांगल्या हातानं चादर ओढून घेतली. "खिळे मीच ठोकले, तेवढं खरं हाय. पण मी सांगत होते तुम्हाला. जानेवारी लागल्यापासून सांगत होते. तुम्ही हसवलंत सगळ्यांना."

"सांग, मी काय करू?"

"जिथं हसवलंत तिथंच सांगा. मला नका सांगू, मला ठाव हाय."

तिळगुळाचा काळ रथसप्तमीपर्यंत असतो. मी पुन्हा बायकांना बोलावलं. द्वारकाबाई म्हणाली, "दोनदा? एवढी साखर जास्त झाली का?" केसरबाईही आली, गळ्यात हात अडकवून, आणि सतरंजीच्या कडेला बसली. मी तिला खुर्ची दिली, ती तिनं घेतली नाही.

मी उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलले. माझं स्वतःचं एकही तयार नव्हतं. सांगितलं. कचरूनं काय बजावलं होतं ते, पडदा, खिळे, "बघू उन्हाळ्यात". आणि पायऱ्यांवर उभी राहून "वा" म्हणाले तेही. बोलता बोलता आवाज फुटला, मी खांबाला धरलं. मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी, मग सगळ्या. द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाली, "काय बाई करता हो! अंगावर काटा आला."

ज्या टाळीसाठी मी जन्म घालवला, ती मला त्या दिवशी थोबाडीत बसली. मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की हे खरं आहे? माझं तोंड पाहून कोणी खरं मानणारच नव्हतं. ते मी स्वतः कमावलं होतं.

केसरबाई उठली. "टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. तिचं बोलणं सपाट, तव्यावरून पोळी उतरवताना बोलते तसं. "हे खरं हाय. माझी सुलू मेली असती." मग बायकांकडं वळून, "द्वारकाबाई, तुमच्या मागच्या खोलीत ती पोरं ठेवलीत ना भाड्यानं? गिझर कुठंय त्यांचा?"

"न्हाणीतच की."

"जाळी?"

द्वारकाबाई म्हणाली, "डास येतात म्हणून पुठ्ठा लावलाय."

"जा. काढून या. तिळगूळ मंग घ्या."

ती गेली. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. सतरंजी अर्धी रिकामी झाली. मला वाटतं, माझ्या कुठल्याही प्रयोगात मध्येच उठून गेलेले एवढेच प्रेक्षक, आणि तेही तिच्यासाठी.

कचरूनं दुसऱ्याच दिवशी गिझर गॅलरीत लावला. दर्शनी भागात, पांढरी पेटी. पण केसरबाई राहिली नाही. "त्या उंबऱ्यावर पाय टाकवंना," म्हणाली. महिनाअखेर तिनं गारखेड्यातच, पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. प्लास्टर असेपर्यंत मेसवर डाव्या हातानं वरण वाढत होती. पोरं म्हणायची, आजींच्या डाव्या हाताची धार जास्त. आता पोळ्या लाटते, पण तीनशेच्या वर मनगट साथ देत नाही. चौदा एप्रिलला खिरीची वाटी माझ्याही दारात आली. सुलेखाच्या हाती. ती वाटी ठेवून लगेच गेली, नक्कल करून दाखवायला कोणी थांबलं नाही.

वरच्या खोल्या बघायला माणसं येतात. मी त्यांना आधी गॅलरी दाखवत नाही. आधी न्हाणीत नेते, जाळी दाखवते आणि इथं काय घडलं ते सांगते. दोन कुटुंबं ऐकूनच परत गेली. जाऊ देत. माझा सांगण्याचा हक्क तेवढाच उरला आहे.

गेल्या आठवड्यात एक बाई आली, चाळिशीतली, पिशवीतून लाटणं डोकावत होतं. मी सांगायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "ठाव हाय मला. मी त्याच मेसवर हाय. केसरबाईनंच पाठवलंय."

"काय म्हणाली ती?"

"म्हणली, घर चांगलं हाय, जाळी आता उघडी हाय." ती बाई थोडी संकोचली. "तरी म्हणली, म्हातारीच्या बोलण्यावर जाऊ नको. हात लावून बघ."

"बरोबर म्हणाली," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी स्टूल आणून जाळीखाली ठेवलं. ती चढली. मी बाजूला झाले. तिनं हात वर केला आणि बाहेरची हवा लागेपर्यंत जाळीत बोटं घातली.